सासऱ्यांच्या कानातला वाटाणा

लग्न होऊन मी नागपुरात आले, त्याच हिवाळ्यात समोरच्या घरी कार्य निघालं. भोंगा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधलेला. सासरे आवाज कमी करा म्हणून सांगून आले. शेजाऱ्यांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. घरात कापूस सापडेना. सासूबाई उसळीसाठी वाळके वाटाणे निवडत होत्या. सासऱ्यांनी त्यातले दोन उचलले, दोन्ही कानांत एकेक बसवला आणि खुशाल झोपले.

सकाळी उजव्या कानातला काढला. डाव्याचा त्यांना विसरच पडला.

रोज डोक्यावरून आंघोळ चालूच होती. हळूहळू तो कान बंद झाला.

"काहून वं सूनबाई, इतकी हळू काहून बोलून राहिली?" ते मला विचारायचे.

मग मी ओरडून बोलू लागले. नव्या सुनेला तोंड फार, असं गल्लीभर झालं.

पुढे कान ठणकायला लागला, तेव्हा त्यांना धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं जे बाहेर काढलं, ते बशीत ठेवलं आणि आम्ही सगळे त्याकडे बघतच राहिलो. टम्म फुगलेला वाटाणा, आणि त्याला पांढरा, वाकडा कोंब.

कंपाउंडर बशी उचलायला आला, तसे सासरे म्हणाले, "फेकू नका जी. जीव हाये त्यात."

वाटाणा रुमालातून घरी आला. डालड्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यांनी तो लावला. वेल चढला, फुलं आली. "तुमचं कार्टं उन्हात ठेवलं का?" असं सासूबाई रोज विचारायच्या, पाणी मात्र त्याच घालायच्या.

शेंगा भरल्या आणि खरी पंचाईत झाली. खायच्या कोणी?

"माह्या भाजीत टाकायच्या नाही," सासूबाईंनी बजावलं. मला आग्रह होण्याआधीच मी उपास जाहीर केला.

सासरे नवं धोतर नेसले आणि शेंगा घेऊन डॉक्टरांकडे निघाले. सोबत मी होतेच. पेशंटांच्या देखत त्यांनी शेंगा टेबलावर ठेवल्या. "तुमच्यामुळेच वाचला तो, साहेब."

डॉक्टरांनी एक शेंग सोलली आणि दाणा तोंडात टाकला.

"गोड आहे," ते म्हणाले. "आता कानात काही घालू नका."

घरी येऊन सासऱ्यांनी सासूबाईंना फक्त पहिलं वाक्य सांगितलं.