सुईच्या भोकातून आई

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना स्वच्छ दिसावं यावर माझं पोट चालतं, आणि सुट्टीच्या दिवशी मी भिंग नसलेल्या कॅमेऱ्याने धूसर फोटो काढतो. लाकडी डबा, आत रुंद फिल्मचा रोल, पुढे पत्र्याला सुईने पाडलेलं भोक. हा पिनहोल कॅमेरा मीच बनवलाय, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कुणी नाही.

बायको म्हणते, "गिऱ्हाइकांना हे फोटो दाखवू नका. दुकान बंद पडेल."

माझा हट्ट एकच होता, आईचा एक तरी स्पष्ट फोटो. भोक उघडं असेपर्यंत समोरच्याने हलायचं नसतं आणि घरात तेवढी शांत तीच. खिडकीपाशी खुर्चीत बसायची. फोटोत खुर्ची कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते, ते मला बोट ठेवून दाखवावं लागायचं.

"सुरेख आलाय," ती दर वेळी म्हणायची. आईचं मन, दुसरं काय.

भोक जितकं बारीक तितका फोटो रेखीव, अशी माझी ठाम समजूत. बारीक करत गेलो आणि आई पार धुक्यात गेली. फार बारीक भोकातून प्रकाश पसरतो, हे शिकूनच मी या धंद्यात आलोय; पण अक्कल दुकानात कुलूपबंद करून घरी यायची सवय. शेवटी पातळ पितळी पत्र्याला जरा मोठं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. काळा पुठ्ठा समोर धरून भोकावरचं झाकण उघडलं आणि डब्याची थरथर थांबल्यावर पुठ्ठा अलगद बाजूला केला.

या वेळी आईच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा उमटल्या. मी नाचतच फोटो तिच्या हातात दिला.

"सुरेख आलाय," आई म्हणाली. फोटो तिने उलटा धरला होता.

तिच्या नाकावरचा चष्मा मीच कधीतरी करून दिलेला. नंतर "दिसतं ना नीट?" एवढं जाता जाता विचारलं की मी मोकळा.

दुकानात आम्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर असंच भोक धरतो. त्यातून स्पष्ट दिसलं, तर बहुतेक नव्या नंबरच्या चष्म्याने काम भागतं. मी तोच काळा पुठ्ठा उचलला, त्यात सुई खुपसली आणि तिच्या डोळ्यापुढे धरला.

"काही दिसतंय?"

तिने भोकातून माझ्याकडे बघितलं.

"अरे," ती म्हणाली, "तुझी मिशी कधी पांढरी झाली?"