खिडकीत खोडलेलं नाव

पालिकेच्या जन्मनोंदीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना गावात कोणी नावानं ओळखत नसे. खिडकीवर दोनचा आकडा होता, म्हणून त्या दोन नंबरच्या बाई. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तसंच म्हणत, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. नावाच्या बाबतीत त्यांचा अनुभव मुळातच बरा नव्हता.

जन्माचं नाव आजीचं. वडिलांच्या आईचं जसंच्या तसं उचललं आणि दुपट्यातल्या पोरीला चिकटवलं. ते तेव्हाच जुनं झालं होतं. शाळेत हजेरी घेताना गुरुजी त्या नावापाशी थबकत, चष्म्यावरून बघत, आणि वर्ग खुसखुसत असे. "काय आजीबाई, कवळी आणली का?" हे तर रोजचंच. कॉलेजात गेल्यावर पोरीनं अर्ज केला, शिक्का मारून घेतला आणि तेव्हा घरोघरी निघालेलं एक छोटंसं, गुळगुळीत नाव घेऊन घरी आली. वडिलांनी कागद वाचून परत दिला. आई ओले हात पुसत म्हणाली, "हे अर्जातलं नाव त्या कचेरीतल्या साहेबाला सांग. माझ्या जिभेवर असला शिक्का उमटत नाही."

आणि पुढं पंचेचाळीस वर्षं ती जुन्याच नावानं हाक मारत राहिली. जिन्यातून, फोनवर, चारचौघांत.

"आई, हळू की जरा!"

"का? चोरीचं आहे?"

नोकरीत बाईंनी आपल्या दुखण्यावर एक इलाज शोधून काढला. रजिस्टरात शाईनं लिहिलेलं बदलायला सतरा कागद लागतात, म्हणून त्या आधी पेन्सिलीनं लिहीत. नाव जुनाट निघालं की पेन्सिल खाली ठेवत आणि बापाला म्हणत, "एकदा मोठ्यानं हाक मारून बघा. शाळा सुटली आहे, मुलगी फाटकापाशी उभी आहे. मारा हाक." मागं ही रांग. बाप बिचारा घसा खाकरून हाक मारायचा, रांगेत कोणीतरी फिसकन हसायचं, बापाचे कान लाल व्हायचे. मग बाई काचेखालची यादी पुढं सरकवत. तिच्यात त्या वर्षी चलती असलेली नावं. रबर फिरायचं, नवं नाव बसायचं, वर शाई चढायची. अशा किती आज्या-पणज्या त्यांनी रबराच्या भुग्याबरोबर टेबलावरून झटकल्या, कोणास ठाऊक. आपण पोरांवर उपकार करतोय अशी त्यांची खात्री होती, आणि एवढी खात्री असलेल्या माणसाला अडवायचं कोणी?

निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी आई गेली. रडणं झालं, कपाटं आवरून झाली. दोन महिन्यांनी जिना उतरताना बाई मध्येच थांबल्या. त्या नावानं आपल्याला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही! भाऊ ताई म्हणतो. नवरा अर्जातलं नाव घेतो. सुनेला तर सासूचं आणखी एक नाव होतं याचा पत्ताच नाही. बाईंनी एकदा नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अहो, मला जरा जुन्या नावानं हाक मारा बघू."

"कुठल्या जुन्या?" त्यांनी शब्दकोड्यातून मान वर केली. मग आठवून आठवून त्यांनी हाक मारली. तिकीट तपासनीस यादीतलं नाव वाचतो, तशी. "झालं?"

"झालं," म्हणून बाई आत गेल्या. काहीच झालं नव्हतं.

त्यानंतर मोतीबिंदू निघाला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या लांब बाकावर बाई कार्ड हातात धरून बसल्या होत्या, तेवढ्यात आतल्या मदतनीस मुलीनं दारातून डोकं काढलं आणि एक नाव पुकारलं. बाई ताडकन उभ्या राहिल्या. हातातल्या कार्डावर भलतंच नाव आहे हे पायांना कुठं कळतं?

शेजारी एक म्हातारी काठी टेकत उठत होती. तिच्याबरोबरचा पन्नाशीचा मुलगा म्हणाला, "बाई, नंबर आमचा आहे." मग निरखून बघत हसला. "अहो, तुम्ही दोन नंबरच्या ना? आमच्या मुलीचं नाव तुमच्याच खिडकीत घातलं. चोवीस वर्षं झाली."

म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. मुलानं तिला धरून आणून बाईंच्या शेजारीच बसवलं.

"खिडकीतल्या म्हणजे सरकारी का हो तुम्ही?" म्हातारीनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"होते."

"मग एक सांगा. माझं नाव सरकारनं बंद का केलं?"

"आई, राहू दे ना आता," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बैस. नातीला माझं नाव ठेवायचं ठरलं होतं हो. सून स्वतः म्हणाली होती. हा कचेरीतून आला तो म्हणाला, आई, ते नाव आता चालत नाही, नियम झालाय. मी म्हटलं, असेल बाबा. दारूवर बंदी येते, तशी नावावर आली असेल. पण माणूस जिवंत असताना त्याचं नाव बंद करायचं, म्हणजे अतीच झालं की नाही?"

मुलानं आईच्या मागून बाईंना हात जोडले. नको, नको, अशी मान हलवली. आता बाईंना तो आठवला. तेव्हा किडकिडीत होता. त्यानं हाक मारली होती, चांगली खणखणीत मारली होती. रांगेतलं कोणीच हसलं नव्हतं. हसल्या होत्या त्या बाई स्वतः. कारण ते नाव त्यांचं होतं.

"नियम नव्हता," बाई म्हणाल्या.

मुलानं कपाळाला हात लावला.

"नियम कसलाच नव्हता. तुमच्या मुलानं नाव बरोबर सांगितलं होतं. मी त्याला हसले, आणि खोडलं."

"तुम्ही?"

"मी."

"का हो? मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"माझंही नाव तेच होतं."

म्हातारीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. थेंबांचंच असेल, असं बाईंनी धरून चालायचं ठरवलं.

"होतं म्हणजे? आता काय आहे?"

बाईंनी कार्डावरचं नाव सांगितलं.

"हेही जुनंच झालं की," म्हातारी म्हणाली. "माझी नात हसते असल्या नावांना."

"नात येते का तुमच्याकडे?"

"लांब असते. फोन करते, गुणी आहे. मी तिला बाळ म्हणते. ते यादीतलं नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. मला वाटलं होतं, आपल्याच नावानं कोणावर तरी ओरडायला मिळेल. अगं ए, ऊठ, उन्हं वर आली, असं. आता काय आरशावर ओरडू?"

माझ्यावर ओरडा, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. एकदाच. अगं ए, ऊठ. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना हाका मारायला लावल्या होत्या. पण ज्या बाईचं नाव आपण पुसलं, तिच्याकडेच ते कोणत्या तोंडानं मागायचं? त्यांनी ते गिळलं आणि कार्डाचा कोपरा दुमडत बसल्या.

दारातून मदतनीस मुलीनं पुढचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं, मग वैतागून तिसऱ्यांदा.

म्हातारीनं डोळे न उघडता काठीच्या टोकानं बाईंच्या चपलेला ढोसलं.

"उठा हो," ती म्हणाली. "तुम्हीच मागून घेतलेलं नाव आहे ते."