प्लासिदचा चोरखिसा

कापड हातात घेतलं की मी आधी उलटी बाजू बघतो. सुलटी बाजू दुकानदार दाखवतोच. माणसांच्या बाबतीतही मला हीच खोड आहे, आणि तिच्यामुळे माझं कधी नुकसान झालेलं नाही. मालवणच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान. तोंडावर सगळे मला सत्यवान मास्तर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

प्लासिद फर्नांडिस आमच्याच वाडीतला. आचारी माणूस. चर्चचं फेस्त असो, ख्रिश्चनांचं लग्न असो, नाहीतर आमच्यातल्या हौशी मंडळींची मटणाची जेवणावळ असो, पानं शंभराच्या वर गेली की प्लासिदला बोलावणं जाई. तो चव घेऊन बघत नसे. झाकण उचलायचा, नाक पुढे करायचा, झाकण ठेवायचा. पण त्याचं खरं नाव होतं कोठीसाठी. जेवणाचं सामान ज्या खोलीत असे तिला तो स्वतः कुलूप लावी आणि चावी पट्ट्याला अडकवी. नवऱ्या मुलाच्या बापाला एखादा नारळ हवा असला तरी प्लासिदपुढे उभं राहावं लागे. प्लासिद विचारी, "कित्याक?" बाप कारण सांगे, मग नारळ मिळे. लोक चिडायचे, पण पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच बोलवायचे.

चौऱ्याऐंशी साली मुंबईच्या एका एजंटानं त्याला लिबियाला पाठवलं. वाळवंटात तेल काढणारी अमेरिकन कंपनी, तिचा कॅम्प, आणि त्या कॅम्पाची कोठी आणि स्वयंपाकघर प्लासिदकडे. जाताना त्यानं माझ्याकडून तपकिरी पँट शिवून घेतली. परदेशी कामाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पँटला मी कमरेच्या आतल्या बाजूला चोरखिसा काढतो. त्यात काय घेऊन जातात ते मी विचारत नाही, आणि परत येताना काय आणतात ते तर मुळीच नाही. पण नजर असते.

करार तीन वर्षांचा होता. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत एका दुपारी प्लासिद एसटीतून उतरला. हातात एकच बॅग. पोट मात्र चांगलंच सुटलेलं.

बाबूच्या हॉटेलात चहाला पाच-सहा जण होतो. बाबूनंच विचारलं, "काय रे, मध्येच कसो इलंस?"

"कंपनी बंद झाली," प्लासिद म्हणाला. "अमेरिकेन कायदो केल्यान. तेंच्या माणसांनी लिबियात काम करूचा नाय. एक तारखेच्या आत सगळ्यांनी भायर."

"अमेरिकेचो कायदो लिबियात कसो चलतलो?"

"लिबियात नाय चलणा. अमेरिकेच्या माणसांवर चलता."

"मगे तू अमेरिकेचो कधी झालंस?"

हॉटेलात हशा पिकला. प्लासिद हसला नाही. चहा अर्धा टाकून उठला.

आता खरं सांगतो, माझाही विश्वास बसला नव्हता. सरकार परक्यांना हाकलतं हे समजू शकतं. पण आपल्याच साहेबांना, चालू कंपनीतून, तेल वर येत असताना? लिबियाचं सरकार दहशतवाद्यांना मदत करतं म्हणून अमेरिकेनं हा हुकूम काढला, असं प्लासिद सांगे. ठीक आहे. मग त्यात मालवणच्या आचाऱ्याचा काय संबंध? वाडीनं आपापली उत्तरं शोधली. कोणी म्हणालं मांसाचे डबे विकताना पकडला. कोणी म्हणालं तिथे दारूबंदी, यानं चोरून गाळली असणार. मी मोठ्यानं काही म्हणालो नाही. फक्त त्याच्या पोटाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, कोठीवरचा माणूस आहे.

अडचण वाडीची नव्हती, अडचण आपोलिनाची होती. प्लासिदची ही एकुलती मुलगी. तिचं लग्न पेद्रूच्या मुलाशी, इनासशी ठरलं होतं. इस्टर झाला की मे महिन्यात बार उडवायचा. पेद्रू रेडी बंदरावर मुकादम. तिथे लोहखनिज बार्जमध्ये भरून समुद्रात उभ्या असलेल्या बोटींवर चढवतात. मापात खोट धरण्यात पेद्रूचा हात धरणारा कोणी नाही. संशयाच्या बाबतीत माझ्या तोडीचा तो एकच माणूस मी पाहिला.

तो मार्चमध्ये येऊन गेला. प्लासिदच्या ओट्यावर बसून म्हणाला, "माका दुसरा काय नको. चोरी करून घरी धाडलेल्या माणसाची चेडू माझ्या घरात नको. तू नाय केलंस असा कोण सांगता?"

सांगणारं कोणीच नव्हतं. कंपनीच उरली नव्हती. ख्रिश्चनांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पेद्रूनं बजावलं की माझी खात्री होईपर्यंत नावं पुकारायची नाहीत. आपोलिना त्या दिवसापासून विहिरीवर इतर बायका पाणी भरून गेल्या की मग जायला लागली.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकत होती. प्लासिद रोज संध्याकाळी रेडिओवरच्या सातच्या बातम्यांना माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राही. आत येत नसे, बसत नसे. बातम्या संपल्या की विचारी, "आणि काय सांगूक नाय?" आणि निघून जाई. घरी त्याचा स्वतःचा ट्रान्झिस्टर होता. मग माझ्याकडे कशाला? बायकोसमोर ऐकायचं नाही असं या माणसाला काय ऐकायचं होतं? एकदा मी मुद्दाम आवाज बारीक केला. तो दोन पावलं आत आला आणि कान पुढे केला. मी आणखी सावध झालो.

एप्रिलच्या मध्याला रेडिओनं सांगितलं की अमेरिकेनं लिबियावर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा आला, आणि आत त्या जानेवारीतल्या हुकुमाबद्दलही छापलं होतं. प्लासिद खरं बोलत होता. वाडीनं त्याची माफी मागावी की नाही? छे! बाबू पेपर घडी करत म्हणाला, "बाँब पडतले ह्या ह्येका आधी कसा कळला? ह्यो बरोबर निसटलो!"

झालं. कालचा चोर आज हेर झाला. त्याच आठवड्यात सफारी घातलेला एक माणूस बाजारात प्लासिदचं घर विचारत फिरला आणि सगळ्यांनी ठरवलं की सीआयडी. तो विम्याचा एजंट होता असं मागाहून कळलं. मला अजून थोडी शंका आहे.

हे सगळं रेडीला पोचायला वेळ लागला नाही. सोमवारच्या बाजाराला पेद्रू आला तो थेट माझ्या दुकानात. इनासच्या सुटाचं कापड माझ्याकडे पडलं होतं, अजून कात्री लागली नव्हती.

"मास्तर, कापड परत दी," तो म्हणाला. "ह्या लग्न होवचा नाय."

कापड काढायला उठायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून समोर पडलेलं काम उगाच हातात घेतलं. ती प्लासिदचीच तपकिरी पँट होती. लग्नासाठी कंबर सैल करून द्या म्हणून फेलिसिदाद, त्याची बायको, सकाळीच ठेवून गेली होती. त्या बाईनं अजून आशा सोडली नव्हती. मी पँट उलटी केली आणि माझी बोटं थांबली. चोरखिशाचं तोंड शिवलेलं होतं. काळ्या दोऱ्यानं, हातानं, वेडेवाकडे टाके घालून. ते काम माझं नव्हतं. आणि आत काहीतरी कठीण होतं.

पेद्रूची नजर माझ्या बोटांवर होती. मुकादमच तो.

"कोणाची पँट ती?"

मी पँटची घडी घालायला लागलो, तिथेच त्याला उत्तर मिळालं.

"सोना!" तो म्हणाला. सोन्याची बिस्किटं त्या काळात आमच्या किनाऱ्यावर कुठे कुठे उतरत ते सगळ्यांना माहीत होतं. "उसव, मास्तर. माझ्यासमोर उसव."

तेवढ्यात प्लासिद धापा टाकत दारात आला. पँट शिंप्याकडे गेल्याचं त्याला घरी नुकतंच कळलं होतं. माझ्या हातातली पँट बघून त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. मला वाटलं, सापडला. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला, माझी शंका खरी ठरल्याचा.

"उसव," प्लासिदच हळू आवाजात म्हणाला. "बघू दे तेका."

मी टाके कापले. आतून चावी निघाली. कुलपाची साधी चावी, तिला नंबर ठोकलेला पितळी बिल्ला. पेद्रूनं खिशात बोट घालून पुन्हा चाचपलं. आणखी काही नव्हतं.

"ह्या काय?"

"कोठीची चावी," प्लासिद म्हणाला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

मग त्यानं जे सांगितलं ते त्यानं फेलिसिदादलाही सांगितलं नव्हतं. कॅम्प सोडायच्या दिवशी बस दारात उभी होती. त्यानं रोजच्यासारखं कोठीला कुलूप लावलं आणि चावी द्यायला कॅम्पाच्या अमेरिकन साहेबाकडे गेला.

"तर तो हात लावीना," प्लासिद म्हणाला. "तो म्हणालो, प्लासिद, आज तारीख उलटली. आता ह्या कंपनीचा एवढासा काम जरी मी केलंय, तरी माझ्या देशात माका तुरुंग. चावी घेणा म्हणजे पण कामच. हात पाठीमागे घेवन उभो रवलो."

"मगे टाकून येवची थंयच," पेद्रू म्हणाला.

"कोठीची चावी टाकून येव? तू बार्ज माप न घेता सोडतंस?"

पेद्रूनं माझ्या हातातून चावी घेतली आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचला.

"म्हटलंय, शहरातल्या हापिसात देतंय. हापिसाक टाळा. पाटी पण काढलेली. कॅम्पात सुदानचे मजूर रवले होते. ते कंपनीचे नाय, कंत्राटदाराचे. बसीत तेंका जागा नाय. तेंचो ट्रक दोन-चार दिसांनी येवचो होतो. इलो काय नाय, माका ठावक नाय. भोवतणी वाळू सोडून काय नाय रे. आणि तांदूळ, पीठ, डबे, सगळा कोठीत."

त्या मजुरांतला एक म्हातारा रोज सकाळी चहाला प्लासिदच्या दाराशी येई. बस सुटताना तो धावत आला, खिडकीवर थापा मारल्या आणि बोटं जुळवून पुन्हापुन्हा तोंडाकडे नेऊ लागला.

"माका वाटला, म्हणता बरा जेवण घातलंस." प्लासिदनं तशीच बोटं जुळवून दाखवली. "मी हात हलवलंय. हसलंय पण. हापिसाच्या बंद दारात चावी हाताक लागली, तेव्हा समाजला तो काय सांगी होतो."

बाहेर बाजार चालू होता.

"मी चोर नाय रे, पेद्रू. चोर असतंय तर दार उघडा टाकून इलो असतंय. ते जेवले असते."

मला राग आला. त्या साहेबाचा आलाच, पण त्याहून जास्त, लिबियाच्या सरकारला चटका बसावा म्हणून कुठेतरी थंड खोलीत बसून कलमं लिहिणाऱ्यांचा. त्यांना प्लासिद माहीत नव्हता. तो म्हातारा तर त्याहून माहीत नव्हता. चटका कोणाला बसला ते बघायला कोणी उतरलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

पेद्रूनं चावी तळहातावर धरली, जरा वेळ वजन करावं तशी. मग ती टेबलावर ठेवली आणि निघाला. दारातून मागे न बघता म्हणाला, "सुटाक कात्री लाव, मास्तर. पोराचे खांदे रुंद आसत, घट्ट करू नको." पुढच्या रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा नावं पुकारली गेली. कोणी हरकत घेतली नाही. बाबूनंसुद्धा नाही, अर्थात तो हिंदू असल्यामुळे त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं गोरगरिबांना जेवण घालतात. स्वयंपाक प्लासिदनंच केला. मी गेलो तर कोठीचं दार सताड उघडं, वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली दगड लावलेला. पोरं गूळ पळवत होती. कोणाची तरी म्हातारी पदरात तांदूळ बांधत होती आणि प्लासिद तिला पिशवी शोधून देत होता. एकदाही "कित्याक" म्हणाला नाही.

पेद्रू दारापाशी खुर्ची टाकून हे सगळं बघत बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "माणूस चोर नाय, ह्या खरा. पण ह्येच्या ताब्यात पुन्हा कोणी कोठी देव नये." तो अगदी बरोबर बोलला. त्यानंतर वाडीत कोठीसाठी दुसरा माणूस ठेवायला लागले आणि प्लासिद फक्त रांधायला लागला.

सातच्या बातम्यांना तो येतच राहिला. पावसाळा लागेपर्यंत लिबियाचं नाव रेडिओवरून गेलं, दुसऱ्या देशांची नावं आली. तरी यायचा, आता आत येऊन स्टुलावर बसायचा. एका संध्याकाळी बातम्या संपल्या. त्यानं आणखी काही सांगितलं का असं विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, तू कोणावर इश्वास ठेवणस नाय. तूच सांग. कुलूप फोडल्यानी असतला मा तेंनी?"

मी मशीन थांबवलं. मला काय माहीत? मी तो कॅम्प पाहिला नव्हता, ती माणसं पाहिली नव्हती, कुलूप कसलं होतं तेही ठाऊक नव्हतं.

"फोडल्यानी," मी म्हणालो. "त्याच दिवशी फोडल्यानी, प्लासिद."