उत्तरेतल्या पडद्याची किल्ली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. बायकोलाही नाही, आता तर ती ऐकायलाच उरलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे ते मन हलके व्हावे म्हणून, असे समजू नका. गोपीनाथच्या चित्रपटाचे त्या शहरात काय झाले, याच्या ज्या हकिगती बेंगळुरूत फिरतात त्या सगळ्या चुकीच्या आहेत, आणि चुकीची हकिगत खपवून घेणे माझ्या स्वभावात नाही. तरीही ही मी इतकी वर्षे खपवून घेतली — का घेतली, तेच सांगायचे आहे.

ते शहर पार उत्तरेला आहे. भर हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही, आणि त्या काळोखात दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. मी व्यवसायाने संकलक. आयुष्यभर दुसऱ्यांचे चित्रपट कापले, जोडले, सावरले. स्वतःचा असा एकच केला, आणि तो त्या महोत्सवाला पाठवला. सभ्य शब्दांत नकार आला. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला. त्या खेपेस नकारसुद्धा आला नाही.

गोपीनाथ माझा सहायक. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरातल्या शिंप्याचा मुलगा; आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या मराठी घरातला. लोक म्हणतात, त्याला दृष्टी उपजतच होती. साफ खोटे! पात्राची नजर वळण्याआधी दृश्य कापायचे की वळल्यानंतर, हे त्याला माझ्या टेबलाशी बसून कळले. चुकला की मी सगळ्यांसमक्ष बोलत असे, आणि तो ‘सरी, अण्णा’ म्हणून — कानडीत ‘बरं, अण्णा’ — पुन्हा जोडायला बसे.

त्याने हेब्बाळच्या तलावावर चित्रपट केला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी, आणि काठावर कणसे भाजता भाजता त्यांची वाट पाहणारी एक बाई — एवढेच. मी तो पाहिला. पाहताना एकदाही काही कापावेसे वाटले नाही. संकलकाच्या लेखी याहून मोठी स्तुती नाही. आणि मी काय म्हणालो? ‘स्वल्प लांबलाय रे.’

महोत्सवाने तो स्पर्धेसाठी निवडला.

आता एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. हल्ली चित्रपट रिळांतून जात नाही. तो कुलूपबंद होऊन जातो, आणि त्याची किल्ली — म्हणजे एक छोटीशी फाइल — वेगळी पाठवतात. ज्या सभागृहाच्या प्रोजेक्टरसाठी ती बनवली, त्यावरच ती चालते. शेजारच्या सभागृहात तिचा उपयोग शून्य. स्वतः प्रवासात असताना निरोप कुणी घ्यायचे, म्हणून गोपीने माझे नाव दिले. ‘तुम्ही आहात म्हटल्यावर मला कसली चिंता, अण्णा?’

तो विमानात असतानाच दुपारी निरोप आला. तिकिटांना इतकी मागणी होती की खेळ मोठ्या सभागृहात हलवला होता. त्यांनी विचारले होते : तुमच्या किल्लीत मोठे सभागृह धरले आहे का? नसल्यास नवी आजच पाठवावी.

धरलेले नव्हते. किल्ली बनवणाऱ्या लॅबला एक फोन, एवढेच काम होते. लॅब उघडी होती. दुसऱ्या दिवशी संक्रांत, तेव्हा ती बंद राहणार, हेही मला ठाऊक होते. माझ्यासाठी लहान सभागृहसुद्धा उघडले नव्हते — आणि याला मोठे? मी उत्तर लिहिले : ‘धरले आहे. काळजी नसावी.’

चूक नव्हे. विसर नव्हे. मी ते वाक्य पाठवण्याआधी पुन्हा वाचले होते.

संक्रांतीला फोन बंद करून कपाटात ठेवला, आणि दाराशी येणाऱ्यांना एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटत बसलो. तिकडे कुलूप उघडले नाही. परीक्षक उठून गेले. न पाहिलेला चित्रपट स्पर्धेत राहत नाही. गोपी मात्र कोऱ्या पडद्यापुढे उभा राहिला आणि त्याने सगळा चित्रपट तोंडी सांगितला, पक्ष्यांच्या आवाजांसकट. हे ऐकीव नाही. मी ध्वनिचित्रफीत पाहिली आहे. ती पाहताना मला लाज वाटायला हवी होती ना? मला वाटले — कोऱ्या पडद्यापुढेही टाळ्या यालाच?

नंतर हकिगती सुरू झाल्या. कुणी म्हणाले, थंडीने डिस्क बिघडली. थंडीने काहीही बिघडले नव्हते. कुणी म्हणाले, तिथल्या लोकांची बेफिकिरी. त्यांनी वेळेवर आणि रीतसर विचारले होते. सर्वांत लोकप्रिय हकिगत अशी, की रिळांच्या काळातला म्हातारा, बिचाऱ्याला काय कळणार! पुण्याहून आलेली एक आयटीवाली मुलगी एका समारंभात मला धीर देत म्हणाली, ‘काका, डोन्ट वरी हं. तुमच्या जनरेशनला हे डिजिटल टफच जाणार ना!’ या शहरात संगणकावर संकलन करणाऱ्या पहिल्या काही माणसांत मी होतो. मी हसलो. अडाणी ठरणे परवडले. दुसरे जे ठरलो असतो, ते परवडले नसते.

गोपी परत आला तो माझ्यासाठी लोकरीची टोपी घेऊन. सगळ्यांना बजावून गेला, ‘अण्णांना कुणी एक शब्द बोलायचा नाही.’ ती टोपी मी कधी घातली नाही.

गेल्या आठवड्यात तो आला होता. नवा चित्रपट झाला आहे. त्याच शहराने बोलावले आहे. ‘तुमचंच नाव देतोय, अण्णा. ह्या वेळी मी आधी सगळं नीट समजावून सांगतो.’ हो, मत्सर तसाच आहे. वयाने तो कमी होतो, हीही लोकांची एक चुकीची समजूत.

सांगण्याची वेळ हीच होती, नाही का? समोर तो एकटा होता. मी म्हणालो, ‘माझं नाव नको घालूस. मला त्या किल्ल्या-बिल्ल्या कळत नाहीत रे. वय झालं.’

तो ‘सरी, अण्णा,’ म्हणाला. मग माझा फोन हातात घेऊन, पडद्यावरची अक्षरे मोठी कशी करायची ते त्याने मला सावकाश दाखवले. मी आयुष्यात प्रथमच पाहत असल्यासारखा पाहत राहिलो.