नाताळच्या संध्याकाळचा फोन
समोरच्या इंग्रजी शाळेत नाताळचे कागदी तारे टांगले की मला चोपड्याच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. माझ्या नवऱ्याला जाळून माणसं दुपारीच परतली होती, घरभर धुराचा वास होता. नातू परदेशात शिकत होता आणि आबांवर, म्हणजे आजोबांवर, त्याचा फार जीव. परीक्षा तोंडावर होती म्हणून मुलानं ठरवलं, त्याला आत्ता कळवायचं नाही. तेवढ्यात त्याचाच फोन आला, चेहरा दिसतो तसला. सून म्हणाली, "आत्या, तुम्हीच बोला, आम्हाला रडू येईल," आणि माझ्या पुसलेल्या कपाळावर तिनं टिकली चिकटवली. फोनमध्ये जुनं बंदर होतं, विटांची काळपट गोदामं, डोलकाठ्यांवर दिव्यांच्या माळा. देशोदेशीची पोरंपोरी लाल टोप्या घालून काहीतरी गरम पीत होती. एका काळ्यासावळ्या पोरीनं मला "नमस्ते आजी" म्हटलं. नातू हसत म्हणाला, "ही इचारस, तुनी आजी हासत का नही? मी सांगी दिधं, ती तिना लगीनमा बी हासनी नव्हती." मग म्हणाला, "आबाले उठाड ना, त्यासले जहाज दखाडनं शे." मी म्हटलं, "निजी गयात. राहू दे." परीक्षा संपल्यावर बापानं त्याला खरं सांगितलं. बापाला त्यानं माफ केलं. माझ्याशी तो अजून बोलत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.