थोरलीचा वरचा सूर

अकोल्याच्या जुन्या शहरात रऊफभाईंना सगळे रेडिओवाले म्हणूनच ओळखत. मोर्णेचा पूल ओलांडून आत शिरलं की तिसऱ्या गल्लीत त्यांचं दुकान. माणूस नाकासमोर चालणारा, पण स्वतःच्या कानाबद्दल भलताच मिजासखोर. कुणी बिघडलेला टेपरेकॉर्डर आणला की पेचकस हातात घेणं नंतर, आधी डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "पट्टा सैल झाला याचा." ते खरंच निघायचं. त्यामुळे त्यांच्या कानावर शंका घ्यायची हिंमत गल्लीत कुणाला नव्हती, आणि मला तर नव्हतीच.

मी बंडूमास्तर. शाळेत गणित शिकवायचो, आणि शुक्रवारी नमाज आटोपून रऊफभाई दुकानात परतले की तिथं जाऊन बसायचो. आम्ही काय करायचो हे सांगितलं तर माझे पेन्शनर मित्र आजही हसतात. आम्ही एका इटालियन ऑपेराच्या दोन रेकॉर्डिंगांची तुलना करायचो. त्या ऑपेराचं नाव आम्हा दोघांना कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

ही भानगड सुरू झाली अठ्ठ्याहत्तर साली. जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात एक अमेरिकन नर्सबाई होती. मायदेशी परत जाताना तिनं आपला रेकॉर्ड प्लेअर आणि या ऑपेराच्या तीन तबकड्या रऊफभाईंना देऊन टाकल्या. तिचा रेडिओ त्यांनी वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त केला होता. शेवटच्या अंकात नायिका वेडी होते आणि एकटीच गाते, एवढंच ती सांगून गेली. त्या गाण्यात शब्द थोडे आणि नुसत्या गळ्याची फिरत फार. रऊफभाई पहिल्यांदा ऐकून आले तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, ही बाई श्वास कुठं घेते तेच समजून नाही राहिलं."

अडचण एकच होती. अमेरिकेतल्या विजेची चाल वेगळी, त्यामुळे तिकडची मोटर आपल्याकडे हळू फिरते आणि गाणारीचा आवाज लोंबतो. रऊफभाईंची अकोटच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत ओळख होती. तिथल्या लेथवर त्यांनी मोटरच्या दांड्यावर बसवायला पितळेची टोपी करून घेतली. टोपी जाड केली की तबकडी जास्त जोरात फिरते. पहिली टोपी त्यांना पसंत पडली नाही, दुसरी आणि तिसरीही नाही. चौथी बसवल्यावर त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "आता मोकळी झाली." तो आवाज मुळात कसा आहे हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तबकडीचे फेरे मोजून पाहावेत हे माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी रोज सात तास पोरांना मोजायला शिकवत होतो.

पुढं चौऱ्याऐंशी साली त्यांच्या मुंबईच्या मावसभावानं तोच ऑपेरा दुसऱ्या गायिकेचा कॅसेटवर भरून पाठवला. तेव्हापासून तबकडीवरची ती थोरली आणि कॅसेटवरची ती धाकटी. रऊफभाईंनी एक वही केली. धाकटी अमुक जागी मधेच श्वास घेते, थोरली घेत नाही. धाकटीची मुरकी गोल, थोरलीची बारीक आणि चपळ. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शेवटचा वरचा सूर. तो थोरली धाकटीपेक्षा पेटीची एक पट्टी वर लावायची. रऊफभाईंच्या लेखी निकाल तिथंच लागला होता. मी उगीच धाकटीची वकिली करायचो, कारण दोघंही एका बाजूनं बोललो तर शुक्रवार लवकर संपायचा.

नगमा त्यांची एकुलती एक मुलगी, पुढं माझ्याच शाळेत शिकली. दुकानाच्या मागंच घर, त्यामुळे पोरीच्या कानावर थोरली पाळण्यात असल्यापासून पडत होती. आठ-नऊ वर्षांची असताना ती ओट्यावर भांडी घासत थोरलीच्या ताना जशाच्या तशा घ्यायची. मी ते ऐकलंय. अंगावर काटा यायचा. रऊफभाईंना वेड लागायचंच बाकी होतं. त्यांनी तिला रोज सकाळी त्या तबकडीसमोर बसवायला सुरुवात केली. अकोल्यातली रेडिओवाल्याची पोरगी पुढं कुठं जाऊन इटालियन गाणार होती हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिनं थोरलीसारखं गावं, बस.

सगळं यायचं तिला, शेवटचा वरचा सूर सोडून. तिथं आवाज फाटायचा. "दम धर," रऊफभाई म्हणायचे. "पुन्हा." ती पुन्हा घ्यायची आणि आवाज पुन्हा फाटायचा. तिची आई रजियाबी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोरीचा गळा हाय तो, पाना-पेचकस नाई तुमचा." एकदा नगमा धाकटीच्या पट्टीत गायला लागली तर रऊफभाईंनी कॅसेट काढून कपाटात टाकली. सोप्याची सवय नको, म्हणाले.

शहाण्णव साली, सोळाव्या वर्षी, तिचा आवाज गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, आवाज फार ताणला की होतात. ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, पण खरखरीत. गाणं काही परत आलं नाही. रऊफभाई त्या दिवशी एस.टी.त माझ्या शेजारी बसून म्हणाले, "दुसऱ्या बाईले येते ते इले काहून येऊ नये? दम नव्हता तिच्यात." पुढची सीट नगमाची होती. तिनं ते ऐकलं असणारच.

यथावकाश तिचं लग्न झालं. जावई जुबेर भला माणूस, अकोटला त्याचं टायरचं दुकान. नगमा तिथल्याच उर्दू शाळेत लहान मुलांना शिकवू लागली. बापलेकीत भांडण असं नव्हतं. ईदला येणं-जाणं होतं. पण तो ऑपेरा ती घरात असताना कधी लागला नाही.

मग दोन हजार सहा उजाडलं. ते दिवस वऱ्हाडात वाईटच होते. पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं आणि आम्ही ते पान उलटायचो. वीज दिवसाला बारा-बारा तास जायची. रऊफभाईंकडे खेड्यांतली माणसं टीव्ही घेऊन यायची, पण दुरुस्तीला नाही, विकायला. कापसाच्या धंद्याची घडीच विस्कटली आणि अकोटची ती जिनिंग फॅक्टरीही बंद पडली. मालकानं बंगला रिकामा करायला काढला. तिथं एक जुना रेकॉर्ड प्लेअर निघाला, तो चालतो का पाहून जा, असा रऊफभाईंना निरोप आला. ते मलाही सोबत घेऊन गेले. पिशवीत थोरलीची तिसरी तबकडी होती. मशीन कुठलंही असो, पारखायचं ते तिच्यावरच, हा त्यांचा रिवाज होता.

अकराच्या सुमारास वीज आली. बंगल्यातलं सामान बहुतेक गेलं होतं, आम्ही फरशीवरच बसलो. रऊफभाईंनी सुई टेकवली.

ती थोरली नव्हतीच. आवाज खालचा, भरदार, सावकाश. जिची चपळाई आम्ही अठ्ठावीस वर्षं वाखाणली ती बाई इथं पायऱ्या सांभाळत उतरावं तशी प्रत्येक सुरावर टेकून उतरत होती.

"मशीन हळू हाय," रऊफभाई लगेच म्हणाले. "मोटर बसली याची."

मीही तेच समजलो. पण बसल्या बसल्या गणिताच्या मास्तराचा हात वळवळला. तबकडीच्या पाकिटावर आकडा असतो, मिनिटाला तेहेतीस आणि वर एक तृतीयांश फेरे. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. मी बसचं तिकीट फाडून त्याचा कपटा तबकडीच्या कडेला ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मोजायला लागलो. शंभर झाले. मी परत मोजलं. तेव्हाही शंभरच.

"मशीन बरोबर आहे, रऊफभाई."

त्यांनी सुई उचलली. प्लेअर विकत घेतला, फडक्यात बांधला आणि आम्ही पुढच्या एस.टी.नं निघालो. लेक तीन गल्ल्या पलीकडं राहत होती, तिच्याकडे चहालाही थांबले नाहीत. दुकानात आल्यावर त्यांनी आपल्या मशीनवर तबकडी चढवली आणि मला म्हणाले, "मोजा."

एकशे सहा.

 मी आधी फक्त वहीचाच विचार केला, हे कबूल करतो. किती शुक्रवार, किती वाद, आणि थोरली धाकटीपेक्षा वर गातच नव्हती. दोघी एकच सूर लावत होत्या. शंभराला सहा फेरे जास्त म्हणजे सूर बरोबर एक पट्टी वर, आणि ती पट्टी त्या पितळेच्या टोपीची होती. आम्ही लेथवर कातलेल्या पितळाला गायिका समजून माना डोलावत बसलो होतो. मला हसू यायला लागलं आणि मी रऊफभाईंकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

रजियाबी चहा घेऊन आली. काय झालं विचारलं, मी सांगितलं. फेऱ्यांचा हिशोब तिला कळला की नाही कोण जाणे, पण तिनं ट्रे खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे जगातल्या कोन्याच बाईले येत नव्हतं, ते तुमी माह्या पोरीले करायले लावलं?"

रऊफभाई खाली बसले. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते तेव्हाही रडले नाहीत.  चहा तसाच निवला.

चार दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही. नगमाला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी म्हणत होतो, सांगू नका, दहा वर्षं झाली, तिचं चांगलं चाललंय, खपली कशाला काढता. रजियाबी म्हणत होती, न सांगाल तर मी जाऊन सांगते. पाचव्या दिवशी रऊफभाई स्वतःच उठले. म्हणाले, "दम नव्हता म्हनलो मी तिले. आता तेच म्हनत मरू काय?"

रविवारी सकाळी आम्ही तिघं अकोटला गेलो. बंगल्यातला प्लेअर माझ्या मांडीवर होता. जुबेर दुकानात गेला होता. नगमानं आमचे चेहरे पाहिले आणि आधी विचारलं, "कोनाची तब्येत बिघडली?" तिचा तो खरखरीत आवाज मला इतक्या वर्षांत सवयीचा झाला होता. त्या दिवशी तो ऐकवेना.

रऊफभाईंनी बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं.  शेवटी त्यांनी प्लेअर जमिनीवर मांडला, तबकडी लावली आणि लेकीसमोर मान खाली घालून बसले. नगमा दाराला टेकून उभी राहिली. पहिल्या दोन ओळींतच तिचे डोळे बदलले. ती हळूहळू खाली बसली. गाणं पुढं सरकत होतं आणि तिचे ओठ त्याच्यासोबत हलत होते, आवाज न करता. मग शेवटचा वरचा सूर आला. थोरलीनं तो लावला आणि धरून ठेवला, अगदी निवांत.

नगमानं गळ्यावर हात ठेवला. "हा येत होता मले," ती म्हणाली.

"मशीन जोरात फिरत होती, बेटा," रऊफभाई म्हणाले. "माहीच चूक हाय. मले समजलंच नाई. तुह्यात दम होता. माफ कर मले."

"मशीन जोरात फिरते हे मले सातवीतच समजलं होतं, अब्बा."

रऊफभाईंनी मान वर केली.

"शाळेच्या पेटीवर ते सूर लावून पायले होते मी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, वर्गात पोरांना समजावताना असतो तसा सूर होता. "नुसती बाई नाई, मागचा सगळा बाजा कॅसेटपेक्षा एक पट्टी वर होता. बाई वर गाईल, पन सगळ्याच वाजवनाऱ्यायनं एक पट्टी वर काहून वाजवावं? मशीनच जोरात हाय, असं मी सांगतलं होतं."

"मले नाई सांगतलं," रऊफभाई म्हणाले.

"तुमाले भेत होती मी. मास्तरांले सांगतलं होतं, शाळेत. म्हटलं, तुमी मोजून पाहा, तुमचं अब्बा आयकतील." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनले, गळा तयार नसला की मानूस यंत्राले नावं ठेवते."

आठवत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आठवलं. मधल्या सुट्टीत ती फळ्याजवळ आली होती, हातात कागद होता, त्यावर तिनं पेटीच्या पट्ट्या काढून खुणा केल्या होत्या. मी हातावरचा खडू झटकत ते वाक्य बोललो होतो, आणि आपल्याला छान सुचलं म्हणून शुक्रवारी रऊफभाईंनाही सांगितलं होतं. ते हसले होते. ते वाक्य कुणाबद्दल होतं, हे तेवढं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तबकडी संपून नुसतीच फिरत होती. सुई उचलायला कुणीच पुढं झालं नाही. रऊफभाई माझ्याकडे पाहत होते, आणि मला त्यांच्याकडे पाहता येत नव्हतं.