टॉमी नावाचा शिंपी

येरमाळ्याच्या मोटारस्टँडजवळ खाजामियाँ कपडे शिवायचा. तरणेपणीची दहा वर्षं त्यानं सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे गणवेश दुरुस्त करण्यात घालवली होती. गोरी पलटण गेली, तो गावी परतला आणि दोन वर्षांत त्याच्या अंगावर कोड फुटलं. आधी ओठ, मग हात, मग सगळा चेहरा पांढराफटक.

हॉटेलवाल्या उत्तरेश्वरला छावणीच्या गोष्टी त्यानंच सांगितल्या होत्या. जुनी माणसं इंग्रजाला टोपीकर म्हणायची, ती त्याच्या हॅटमुळं. उन्हानं भाजून निघायचा म्हणून लालतोंड्या. साध्या शिपायाला मात्र त्याची स्वतःची माणसंच टॉमी म्हणत. पलटणीच्या कागदावर नमुन्याला टॉमस असं नाव छापलेलं असायचं, त्यावरनं ते पडलं, असं एका सोल्जरनं त्याला सांगितलं होतं. उत्तरेश्वरनं त्याच्या तोंडाकडं बघत त्यातलं एक उचललं. महिन्याभरात सारा गाव त्याला टॉमी म्हणू लागला. गल्लीतल्या दोन कुत्र्यांचंही तेच नाव होतं. चिडलं की लोकांना चेव यायचा, म्हणून त्यानं चिडणं सोडलं.

अठ्ठावन्न साली मेव्हण्यानं हैदराबादेत एका कारखान्यात त्याच्यासाठी जागा बघितली. पत्र येईल, आलं की लगेच निघा, असा निरोप होता. बायकोनं, बिबीजाननं, ट्रंक भरून ठेवली. पत्र आलं नाही. दीड महिन्यानं मेव्हणाच आला आणि परत गेलेलं पाकीट त्यानं पुढं टाकलं. त्यावर शेरा होता : या नावाचा इसम गावात नाही. जागा दुसऱ्याला गेली होती.

नवा पोस्टमन हॉटेलात चौकशी करून गेला होता. खाजामियाँनं पाकीट दाखवलं तसा उत्तरेश्वरचा चेहरा उतरला.

"शेख खाजामियाँ कोण, असं इचारलं त्यानं. म्या म्हनलं, हितं असं कुनी न्हाय. आईशप्पत, तुझं नाव ध्यानातच आलं न्हाय बग."

"आठ वर्सं तुझ्याकडं चहा पितोय," एवढंच खाजामियाँ बोलला.

त्यानं कारखान्याला पुन्हा अर्ज लिहिला. खाली आपलं नाव लिहून तो थांबला. बिबीजान बघत होती. मग त्यानं पुढं लिहिलं : ऊर्फ टॉमी.

या खेपेस उत्तर बिनचूक दुकानात आलं. जागा नव्हती.